झाकणाच्या आत सोळा

"काकू, तुमच्या लेकीकडचा मेन स्विच बदलला काल," टिल्लूने चहाचा ग्लास खाली ठेवत सांगितलं. "चाळीस अँपिअरचा काढून त्रेसष्टचा टाकला. नवी गाडी चार्जिंगला लावली की चाळीसचा सारखा पडत होता. पाईपबिईप काही उघडावं लागलं नाही. पेटीच्या झाकणाच्या आत तुमचं अक्षर होतं ना, 'वायर सोळा' म्हणून. मग कशाला उघडायचं?"

हे तो कौतुकाने बोलला होता. त्यामुळे ते जास्तच लागलं.

फेजकाकूंच्या हातात एका जुन्या पंख्याचा स्क्रू होता. तो सुटला, काउंटरवरून टणटणत गेला आणि फरशीवर कुठेतरी हरवला. फेजकाकू, ज्या एका स्क्रूसाठी अख्खं दुकान झाडायला लावत, त्या वाकल्यासुद्धा नाहीत.

"काय झालं?" टिल्लू म्हणाला.

"कुठं काय. पी तू चहा."

पण पंखा त्यांनी तसाच उघडा बाजूला सारला.

टिल्लू नावाचा टिल्लू, अंगाने सहा फूट. पंधरा वर्षांपूर्वी तो काकूंच्या हाताखाली शिकला, आता स्वतःची कामं घेतो, पण सकाळी अकराचा चहा अजून काकूंच्याच दुकानात. काकूंना 'फेज', म्हणजे वीज वाहणारी तार, हे नाव पडलं ते त्यांच्या सवयीमुळे. लोक कुणाच्या घरी गेल्यावर प्यायला पाणी मागतात, काकू उंबऱ्यातच विचारायच्या, "फेज कुठंय?" नवरा वायरमन होता. आधी त्याची शिडी धरली, मग त्याची पक्कड धरली आणि पुढे त्याची निम्मी गिऱ्हाइकं धरली. शाळा सातवीपर्यंत. वीज मात्र शिडीखाली मान वर करकरून शिकलेली, त्यामुळे ज्ञान पक्कं आणि मानही कायमची आखडलेली.

त्यांच्या कामाच्या दोन रीती होत्या. खांबावरून घरात येणारी मुख्य वायर किती जाडीची घालायची हे ठरवताना त्या घरातल्या पुरुषाला काही विचारत नसत. पुरुष सांगतो तो काय काय विकत घेणार आहे. बाई सांगते रोज खरंच काय चालतं. म्हणून स्वयंपाकघरात बसायचं, बाईकडून एकेक यंत्र वदवून घ्यायचं, त्याचा लोड मांडायचा आणि वर एक पाव हिस्सा धरायचा, अजून घरात न आलेल्या वस्तूंसाठी. त्या म्हणायच्या, "वायर म्हणजे ब्लाउजची बाही. आजच्या दंडावर बेतली तर दोन वर्षांत शिवण उसवते. आणि ही शिवण उसवली की घर पेटतं."

दुसरी रीत झाकणाची. काम झालं की मीटरच्या पेटीचं झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने बारीक अक्षरात लिहायचं : तारीख, लोड, वायरची जाडी, आणि खाली विजेच्या आकाराची एक वाकडी रेघ. ती त्यांची सही. पुढे येणाऱ्या वायरमनला सगळं खोलून बघायला लागू नये म्हणून. त्या भागात शेकडो झाकणं अशी होती, आणि दुसरे वायरमन ते अक्षर दिसलं की पुढचं काही तपासत नसत. काकूंनी लिहिलं म्हणजे आहे.

आणि त्या शेकडो झाकणांमधलं एक खोटं होतं. नेमकं लेकीच्या घरचं.

अकरा वर्षांपूर्वी लेकीच्या सासरच्यांनी ते घर बांधलं. लेकीला आठवा महिना, बाहेर जीव नकोसा करणारा उन्हाळा, आणि घरात अजून वीज नाही. लाईन ऑफिसचा तपासनीस उद्या येणार, तो चुकला तर पुन्हा तीन आठवडे नाही. मंजुरीच्या कागदावर सोळा एमएमची वायर. काकूंनीच तसा हिशेब मांडून दिला होता, पुढची वीस वर्षं धरून. आणि ऐन वेळी सोळाची वायर कमी पडली. बारा मीटर. चार दुकानं पालथी घातली, कुठे मिळेना.

मग काकूंनी काय केलं, तर मीटरपासून कोठीच्या खोलीपर्यंत सोळाची घातली, घराच्या मेन बोर्डात शिरणारा तुकडा सोळाचा घातला, म्हणजे जिथे म्हणून माणसाची नजर पडेल तिथे सोळा. आणि मधली बारा मीटर, पाईपाच्या पोटात, दहाची. दोन्हीकडे जोड देऊन. वर मीटरपाशी चाळीसचा स्विच बसवला, म्हणजे दहाच्या वायरला झेपेल त्यापेक्षा जास्त ओढ लागली की तो आपला पडेल. काकू काही वेड्या नव्हत्या. राखणदार बसवूनच त्यांनी ते पाप केलं होतं.

झाकणाच्या आत मात्र 'सोळा' लिहिलं. कारण आठवड्याभरात येऊन त्या सोळाची ओढणारच होत्या.

आठवड्याभरात लेक दिवसांआधीच बाळंत झाली, छोटी आली. मग काकूंच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, आणि दीड वर्ष त्याची कूस बदलण्यात गेलं. पुढे लेकीकडे जाणं झालं ते विहीण म्हणून. खुर्ची पुढे येते, पाण्याचा पेला पुढे येतो. अशा घरात 'जरा तुमची भिंत उघडते हं, मागे मी फसवलं होतं' असं कसं म्हणणार? चाळीसचा स्विच होता. तो आहे तोवर काही होत नाही, असं मनाला सांगून काकू झोपत आल्या. अकरा वर्षं.

आणि काल टिल्लूने तो राखणदार काढून दुसरा बसवला होता. काकूंच्याच शब्दावर.

"अजून काय काय चालतं रे तिच्याकडे?" त्यांनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"दोन हीटर. गारठा केवढा पडलाय! गीझर, विजेची मोठी शेगडी. आणि चार्जर, तो सात किलोवॅटचा."

काकूंनी कानामागचं पेन काढलं आणि तळहातावर मांडलं. हीटरचे अठरा अँपिअर. गीझर नऊ. शेगडी नऊ. चार्जर तीस. सहासष्ट. गीझर बंद धरला तरी सत्तावन्न. त्रेसष्टचा स्विच सहासष्टला लगेच पडत नसतो. तो तासन्‌तास तग धरतो. आणि दहाची वायर मोकळ्या पाईपात असेल तर कशीबशी पन्नास सोसते. मोकळ्या पाईपात.

कोठीच्या खोलीतला तो पाईप मोकळा नव्हता. चार वर्षांपूर्वी जावयाने तिथे भिंतभर लाकडी कपाट करून घेतलं होतं, पाईप आणि जोडाची डबी आत घेऊन. त्यात घरातल्या सगळ्या रजया, गाद्या, दुलया कोंबलेल्या असत. लेकीने हौसेने उघडून दाखवलं होतं. "बघ आई, किती मावतं!" तेव्हा काकूंनी 'छान' म्हटलं होतं. त्या रजयांत तापलेल्या वायरची ऊब जाणार कुठे?

आणि कपाटाला लागून विहीणबाईंचा पलंग.

लेकीला फोन लावला. ती प्रयोगशाळेत काम करते, तिथे फोन कपाटात कुलूपबंद. जावयाचा वाजून वाजून थांबला. तिसरा फोन लावण्याआधी काकूंनी घसा खाकरला, कारण तो विहीणबाईंचा होता.

विहीणबाई म्हणजे पोस्टात तीस वर्षं शिक्के मारलेली बाई. अजूनही भाजीवाल्याकडून पिशवी घेताना ती उलटसुलट करून बघायच्या, पत्ता अपुरा असल्यासारखी. दोघींचं भांडण कधी झालं नव्हतं. त्यासाठी लागणारी जवळीकच नव्हती.

"बोला विहीणबाई! आज कशी आठवण झाली?"

"सहज. कशा आहात? छोटी शाळेत गेली का?"

"कुठली शाळा! ताप आहे तिला कालपासून. माझ्याच पलंगावर झोपवलीय, कोठीच्या खोलीत. तिथं बाई भिंत अगदी उबदार लागते हल्ली. कपाटाला पाठ लावून झोपलीय गुणाची."

काकूंनी काउंटरची कड धरली.

"आणि काय सांगू," विहीणबाई पुढे म्हणाल्या, "कालपासून घरात मासळीचा वास सुटलाय. पंधरा दिवसांत मासळी आलेली नाही घरात. मांजराने काही आणून टाकलं असेल म्हणून सकाळपासून मी पलंगाखाली, कपाटामागे बॅटरी मारून बघतेय. काही सापडत नाही."

मासळी नव्हती ती. तापून करपायला लागलेल्या जोडाच्या डबीला तसाच वास येतो, कुजक्या मासळीचा. काकूंना तो वास पंचवीस वर्षांत तीनदा आला होता, आणि त्यातल्या एकदा त्या पोचेपर्यंत उशीर झाला होता.

"विहीणबाई, एक काम करा. फाटकाजवळच्या पेटीतला मेन स्विच खाली करा. आत्ता."

"तो कसा करणार? तुम्हीच सांगितलं होतं, या पेटीला कुणीही हात लावायचा नाही, कुणी सांगितलं तरी. मी अकरा वर्षांत लावलेला नाही."

"मीच सांगतेय आता."

"हो, पण का?"

इथे फेजकाकूंनी खरं सांगायला हवं होतं. जीभ उचललीसुद्धा. पण समोर टिल्लू उभा होता, झाकणावरचं अक्षर बघून आला तोच टिल्लू. आणि कानाला विहीणबाई.

"काही विशेष नाही. जरा तपासायचंय."

"मग तपासायला आलात की तुम्हीच करा. पोरीला ताप आहे, हीटर बंद करून तिला गारठवू? तुम्हीपण आजीच आहात ना तिची!" आणि फोन ठेवला.

काकूंनी दुकानाचं शटर ओढलं नाही. "टिल्लू, स्कूटर काढ," एवढंच म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा बघून तो चहा टाकून बाहेर धावला.

लेकीचं घर नऊ किलोमीटर. एरवी टिल्लूच्या मागे बसताना काकू त्याला हळू चालव म्हणून पाठीत गुद्दे घालत. आज त्यांनी त्याचं जाकीट दोन्ही मुठींत धरलं होतं आणि "चल ना, चल ना" एवढंच चाललं होतं. वारा डोळ्यांत घुसत होता. प्रत्येक वळणावर त्या आकाशाकडे बघत, त्या दिशेला धूर दिसतो का. एकदा दिसला. जवळ गेल्यावर कळलं, लाँड्रीच्या धुराड्याचा होता.

"लाईन ऑफिसला लावला फोन," टिल्लू हेल्मेटमधून ओरडला, कारण सिग्नलला त्याने तेवढं केलं होतं. "म्हणाले, माणूस पाठवून लाईन बंद करायला अर्धा तास लागेल. काकू, झालंय काय? आगीच्या बंबाला कळवू का?"

"धूर नाही अजून," काकू म्हणाल्या, आणि स्वतःचीच किळस आली त्यांना. बंब येणार, सगळी गल्ली गोळा होणार, कुणीतरी झाकण उघडणार. हे मनात येऊन गेलं होतं. पोरगी तिथे कपाटाला पाठ लावून झोपलेली, आणि हे मनात आलं होतं.

पुलावर काम चालू होतं. एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडत होते, आणि यांची बाजू नुकतीच थांबवलेली. समोर लाल झेंडा घेतलेला माणूस, मागे ट्रक, शेजारी ट्रक. टिल्लूने स्कूटर घुसवायला बघितली, झेंडेवाल्याने आडवा हात केला. "दहा मिनिटं, राव. घाई असेल तर उडत जा."

दहा मिनिटं. काकूंना डोळ्यांपुढे जोड दिसत होता. आपल्याच हाताने पिळलेला, टेपने बांधलेला. तांबं तापतं, टेप मऊ होते, तारेवरचं वेष्टण ओघळतं, आणि मग रजईच्या कापसाचा एकच धागा पुरतो. एकच.

त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी जीभ उचलण्याआधीच सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा गिळलं असतं.

"विहीणबाई, ऐका, मधे बोलू नका. चूक माझी आहे. तुमच्या कपाटातून जाणारी वायर बारीक आहे. मी घातली. झाकणावर जाड लिहिली, ते खोटं लिहिलं. तुमच्या घराला अकरा वर्षं फसवलं मी. काल मोठा स्विच बसल्यापासून ती वायर तापतेय. भिंतीची ऊब ती आहे. मासळीचा वास तो आहे. कपाट उघडू नका. छोटीला उठवा, बाहेर न्या, आणि पेटीतला स्विच खाली करा. मी पाया पडते तुमच्या."

टिल्लूची पाठ त्यांच्यासमोर होती. ती हलली नाही. पण एंजिन बंद झालं. त्याने ते बंद केलं होतं, नीट ऐकू यावं म्हणून.

पलीकडून पावलं वाजली. मग विहीणबाईंचा आवाज, फोनपासून लांब, "ऊठ गं. ऊठ राणी. चप्पल राहू दे." पोरीचं किरकिरणं. "आजी, थंडी वाजतेय." दार. पुन्हा पावलं, हळू. विहीणबाईंचे गुडघे पायऱ्या उतरताना वेळ घेतात. काकू मनात पायऱ्या मोजत होत्या. चार पायऱ्या, मग फरसबंदी, मग फाटक. पत्र्याचं झाकण कुरकुरलं. तो आवाज काकूंना पाठ होता.

"कुठला?" विहीणबाई म्हणाल्या.

"सगळ्यात डावीकडचा. काळा, जाड. खाली ओढा."

"झटका नाही ना बसणार?"

"नाही. नाही बसणार."

"आता खरं सांगताय ना?"

"हो."

खट्‌.

आणि त्याच क्षणी फोन कटला. पुलावरचे ट्रक, झेंडेवाला, खालचं पाणी, सगळं होतं तिथेच होतं. पण काकूंना काही ऐकू येईना. परत लावला. लागेना. पुन्हा. लागेना. झटका बसला असेल का? पेटीतलं वेष्टण वितळून झाकणच जिवंत झालं असेल का? आपण 'नाही बसणार' म्हणालो. आपण खूप गोष्टी म्हणतो.

"टिल्लू," त्या म्हणाल्या, "रे टिल्लू."

"बसा घट्ट," तो म्हणाला, आणि स्कूटर पादचाऱ्यांच्या फुटपाथवरून, झेंडेवाल्याच्या शिव्या खात, पलीकडे काढली.

घर शांत होतं. फाटकाजवळ पेटी उघडी, स्विच खाली. त्याच्या खाली पायरीवर विहीणबाई बसल्या होत्या, नातीला आपल्या शालीत गुंडाळून. त्यांच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या, नातीच्या पायांत एकही नव्हती. फोन फरशीवर तीन तुकड्यांत.

"पडला हातातून," विहीणबाई म्हणाल्या.

"फेजआजी," शालीतून आवाज आला, "घरात मासा मेलाय?"

काकूंना हसू आणि रडू एकदम आलं, त्यामुळे दोन्ही जमलं नाही. त्यांनी पोरीचे पाय हातांत घेऊन चोळले, आणि मग आत गेल्या. मागे टिल्लू.

कपाटाचं दार उघडल्यावर वास अंगावर आला. खालच्या रजया टिल्लूने एकेक काढल्या. पाचवी काढताना तो थांबला. जोडाची डबी जिथे होती तिथे रजईच्या खोळीवर बशीएवढा तपकिरी डाग पडला होता, मधोमध काळा, कडेला पिवळट. बोट लावलं तर कापड भुगा होऊन गळलं. डबीचं झाकण विरघळलेल्या साबणासारखं खाली ओघळलं होतं. फळीचं लाकूड मागून करपलेलं.

टिल्लूने टेस्टरने वीज नसल्याची खात्री केली, मग पक्कडीने टेप सोलली. आत एका बाजूला सोळा, दुसऱ्या बाजूला दहा, आणि मधे काकूंचा पीळ. हा पीळ पंधरा वर्षांपूर्वी काकूंनीच त्याला शिकवला होता.

त्याने पक्कड खाली ठेवली.

"मी झाकण वाचलं, काकू," तो म्हणाला. एवढंच.

"तू बरोबर केलंस."

"नाही. मी उघडायला हवं होतं." आणि मग, "किती झाकणं आहेत अशी?"

हा प्रश्न येणार हे काकूंना पुलावरच माहीत होतं. "हे एकच."

टिल्लूला विश्वास ठेवायचा होता, हे दिसत होतं. आणि आता त्याला जावं लागणार, घरोघर, काकूंचं अक्षर बाजूला सारून पाईप उघडत, हेही दिसत होतं. काकूंना भीतीपेक्षा ते जड गेलं. पण 'नको' म्हणायचं तोंड त्यांना नव्हतं.

लाईन ऑफिसचा माणूस आला, त्याला सगळं सांगून झालं. लेक आणि जावई धावतपळत आले. लेक पोरीला छातीशी धरून आईकडे बघत राहिली. जावयाने विचारलं, "आई, कधीतरी सांगायचं ना हो?"

दुपारी सोळाची वायर आली. काकूंनी स्वतः ओढली, मीटरपासून बोर्डापर्यंत, सलग, एकाही जोडाशिवाय, आणि कपाटाच्या बाहेरून. गुडघ्यांवर, शिडीवर, आखडलेली मान वर करून. ओढून झाल्यावर टिल्लूने खिशातून माप काढलं आणि वायर मोजली. या टोकाला. त्या टोकाला. मग मधे पाईपाचा सांधा उघडून तिथेही. काकू बॅटरी धरून उभ्या होत्या. पंचवीस वर्षांत त्यांची वायर कुणी मोजली नव्हती.

"सोळा," टिल्लू म्हणाला.

काकूंनी रॉकेलची चिंधी घेतली आणि झाकणावरचा जुना आकडा पुसायला गेल्या.

"थांबा," विहीणबाई मागून म्हणाल्या. "पुसताय काय? आमच्या पोस्टात चुकलेला आकडा पुसत नसत. वरून रेघ मारायची, आधीचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरा लिहायचा आणि सही करायची."

"सगळ्यांना दिसेल मग."

"त्यासाठीच लिहितात ना आत?"

काकूंनी ब्रश उचलला. सोळावर रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'मधे दहा होती'. खाली आजची तारीख, आजचा लोड, 'सोळा, सलग', आणि आपली वाकडी रेघ. विहीणबाईंनी चष्मा लावून ते वाचलं, शिक्का मारण्याआधी वाचतात तसं. मग टिल्लूकडे वळल्या. "तूही कर रे. मोजलंस ना? मग कर सही."

टिल्लूने केली.

"आता स्विच मी लावते," विहीणबाई म्हणाल्या. "पाडला मी, लावणारही मीच."

काकू आत जाऊन नव्या पाईपाला हात लावून बसल्या. बाहेरून खट्‌ झालं. दिवे आले, हीटर गुरगुरला, अंगणात चार्जरचा हिरवा दिवा लागला. सगळा लोड एकदम. एक मिनिट. दोन मिनिटं. तळहाताला काही लागेना, आणि काही लागत नाही याचीच भीती वाटायला लागली.

छोटी दुलईसकट येऊन शेजारी बसली. काकूंचा हात चाचपून म्हणाली, "फेजआजी, तुझा हात बर्फ झालाय. तुला काय कळणार गरम झालं ते?"

खरंच होतं. पोरीने आपला हात लावला, पण तो तापाने फणफणलेला. तिला सगळं जगच गार लागत होतं.

विहीणबाई आल्या, गुडघे सांभाळत खाली बसल्या आणि काकूंचा हात बाजूला सारून आपला पंजा पाईपावर ठेवला.

"सरका," त्या म्हणाल्या. "माझा बरा आहे हात. तुम्ही घड्याळ बघा. किती वेळ ठेवायचा ते सांगा, आणि या वेळी पाव हिस्सा जास्तच सांगा."

काकूंनी घड्याळात पाहिलं. काटे दिसायला वेळ लागला.

"एक तास," त्या म्हणाल्या. "सव्वा."